स्टेशनपासून सात मिनिटं!

यंदा गणपतीत आमच्या दापोलीजवळच्या मुरुडात टाळांपेक्षा कार्पेटचे चौरस फूटच जास्त वाजले, असं म्हटलं तर बाप्पा रागावेल. पण साक्षीला तोच बसला होता! मंत्रपुष्पांजली संपायची खोटी, प्रसाद हातावर पडतो न पडतो तोच माजघरातून कुणीतरी खडा टाकायचं, "मग काय ठरलं? जवळचं लहान की लांबचं मोठं?" झालं. आलेल्या चाकरमान्यांचे लगेच दोन तट. एकीकडे दादर-पार्ल्याला वन आरके का होईना, पण तिथेच मरू म्हणणारे. दुसरीकडे बदलापूर-विरारला टू बीएचके, वर बाल्कनी, वर पोहण्याचा तलाव म्हणणारे. तलावात उतरलेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही, ते सोडा.

आम्ही विचारतो, काही लाज? ज्यांच्या आजोबांच्या मागल्या वाडीत पोफळी मोजायला गडी लावावा लागे, ती माणसं देवघर ओट्याच्या वर बसवावं की फ्रिजच्या, यावर रात्री दीडपर्यंत भांडतात? पडवीत वीस जण आडवे होतील एवढी जागा, आणि तिथे उकिडवं बसून मोबाइलवर सॅम्पल फ्लॅट बघतात! बरं, तो बघताना चार डोकी त्यांच्या खांद्यावरून वाकलेली असतात. ती कुणाची, हे विचारू नका.

या वेडाची सगळी गंमत मिनिटांत आहे. किलोमीटर आता कुणी बोलतच नाही. चर्चगेटपासून विरार 60 किलोमीटर, सीएसएमटीपासून कर्जत 100, हे आकडे शाळेत मुलांना विचारायचे. बिल्डरच्या कागदावर सगळं 'स्टेशनपासून सात मिनिटं' असतं. कुणाची सात मिनिटं हो? पहाटे तीनला, मोकळ्या रस्त्यावर, मागे कुत्रं लागलेल्या माणसाची? 12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्या दिवसापासून रायगड जिल्ह्यातली एकूण एक जमीन मुंबईच्या 'अगदी जवळ' सरकली. मग नवी मुंबईचा विमानतळ आला. आता वांगणीच्या पुढचा माणूसही सांगतो, "विमानतळ हाकेच्या अंतरावर!" अरे बाबा, तुला रोज विमान पकडायचंय की सकाळची फास्ट?

पण खरे बघण्यासारखे असतात ते धर्म बदललेले लोक. आमच्या ओळखीतले एक भाऊजी. दादरच्या पलीकडे माणूस राहतो हेच त्यांना मान्य नव्हतं. डोंबिवलीच्या पाहुण्यांना ते "गावाहून कधी आलात?" असं विचारत. हप्त्याचं गणित बसेना म्हणून बदलापूर घेतलं, आणि आता तोंड आवरत नाही! पहाटे पावणेपाचला उठतात, त्याला 'ब्राह्म मुहूर्त' म्हणतात. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग बाहेर ठेवून जातात, त्याला 'ग्रुप' म्हणतात. थंडीत स्वेटर लागतो हे तर त्यांनी गावभर इतक्यांदा सांगितलं की वाटावं, महाबळेश्वर यांनीच वसवलं. उल्हास नदीच्या काठची हवा म्हणे! जुलै 2019 मध्ये त्याच नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि प्रवाशांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं, याची कुणी आठवण दिली की भाऊजी वाटीतली खिरापत चिवडत बसतात.

उलट दिशेचे बाटलेले त्याहून कडवे. डोंबिवलीचं ऐसपैस घर विकून माहीमला घुसलेलं एक जोडपं आहे. वॉशिंग मशीन सुरू असलं की न्हाणीघर बंद. पाहुणे पाळीपाळीने येतात. आधीचे उठल्याशिवाय पुढच्यांना चहा नाही. पण ऐट काय वर्णावी! "आम्ही ऑफिसला चालत जातो," हे वाक्य ते अशा सुरात टाकतात, जसं काही बाकीचे लोक रांगत जातात.

म्हाडाचा विनोद तर आपल्या जिव्हारी लागणारा. 'कोकण मंडळाची सोडत' म्हटलं की इथल्या भोळ्या जिवाला वाटतं, दापोली-चिपळूणात घर लागणार. लागतं कुठे? विरार-बोळींजला! हो हो, कोकणच ते, मंडळाच्या हिशेबाने. तिथली हजारो घरं वर्षानुवर्षं गिऱ्हाइकाची वाट बघत पडली होती, तेव्हा आपण किती हसलो. अर्ज कुणी भरला होता, ती यादी काढायची का? नको.

आणि हसायचं तरी कुणी कुणाला? गिरगाव दादरला हसलं. प्लेगानंतर 1898 मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने पुढे दादर-माटुंग्याला रस्ते आखून प्लॉट पाडले, तेव्हा तेही लांबचं उपनगरच होतं की. मग दादर डोंबिवलीला हसलं, डोंबिवली बदलापूरला, आणि बदलापूरने शोधून शोधून नेरळ काढलं. चाकरमानी कुठवर सरकला ते बघायला जनगणना कशाला हवी? एसटीच्या पाट्या वाचा. पूर्वी परळ, मुंबई सेंट्रल. आता नालासोपारा, विरार. गाड्यासुद्धा बिचाऱ्या लांबचं मोठं घेऊन बसल्या.

लांब सरकण्याच्या बाबतीत आपल्या गावाचा मूळपुरुष म्हणाल तर खुद्द महर्षी कर्वे, म्हणजे अण्णा. विधवेशी लग्न केलं म्हणून ज्यांना आपल्याच मुरुडाने वाळीत टाकलं, तेच ते. 1896 मध्ये पुण्यात विधवांसाठी काढलेला आश्रम त्यांनी 1900 मध्ये हिंगण्याच्या माळावर नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून हा माणूस चिखल तुडवत पायी हिंगण्याला जायचा. सात मिनिटं नव्हे, चांगले काही मैल! तेव्हा पुणेकर काय म्हणाले असतील, ते पुणेकरांना ओळखणाऱ्याला सांगायला नको. आज त्याच माळाचं कर्वेनगर झालंय, आणि तिथे जागा मागायला जा, दलाल आधी तुमच्या चपला बघतो. आणखी एक. महाराष्ट्रात बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. झालं, भले भले मिशाळ पुरुष सौभाग्यवतींना मालकीण करायला निघाले. अण्णांचा जन्म ज्यात गेला, ते काम एका टक्क्याने केलं.

हे सगळं मुंबईचं म्हणून आपण दात काढतोय खरं, पण मुरुडात तरी काय वेगळं चाललंय? इथे जवळ म्हणजे पाखाडीतलं घर. मागे वाडी, वाडीमागे समुद्र. लांब म्हणजे वर दापोलीच्या अंगाला, सड्यावर, जिथे कालपर्यंत करवंदं होती आणि आज 'सी व्ह्यू एनए प्लॉट'चा फलक आहे. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हापासून सडेवाल्यांच्या शहाणपणाला ऊत आलाय. आता प्रश्न असा की समुद्राजवळ राहायचं, की समुद्र दिसेल इतकं लांब? यावर पारावर मारामाऱ्या व्हायच्या बाकी आहेत. पाखाडीतलं घर विकायचं म्हटलं तर सातबारावर एवढी नावं, की सह्या गोळा करता करता पुढची पिढी कायद्याने सज्ञान होते. तरीही गिऱ्हाईक येतंय, दर विचारतंय, आणि आपण "छे, पूर्वजांची वास्तू" म्हणत कान टवकारून दर ऐकतोय.

आमच्या आळीतले आप्पा तर छातीवर हात मारून सांगायचे, हा उंबरा सोडीन तो चौघांच्या खांद्यावर. परवा तेच आप्पा सड्यावरच्या एका स्कीमच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये, टॉर्च घेऊन बाथरूमच्या फरश्या ठोकून बघताना दिसले. लिफ्टला जनरेटर आहे का, हेही विचारून झालं. दोन मजल्यांची इमारत!

आम्हाला कसं कळलं, म्हणता? अहो, आम्ही गच्चीवर होतो. सहज. समुद्र दिसतो की नाही, एवढंच बघायला. दिसतो हो. पाण्याच्या टाकीवर चढलं आणि समोरच्यांचा माड कुणी तोडला, तर अगदी स्पष्ट. बुकिंगला अकरा हजार मागतायत. आम्ही दहावर अडून बसलोय.