टायटल क्लिअर, घाट बंद

आंबोली घाटात दरड आली, असा मेसेज पहाटे ग्रुपवर पडला. त्याच्यामागोमाग दुसरा : ‘आंबोलीत स्वतःचा हिल-व्ह्यू प्लॉट! रोड टच. एन.ए. क्लिअर टायटल. मोजकेच प्लॉट शिल्लक!’ सोबत चहाच्या मळ्याचा फोटो. आंबोलीत चहा टपरीवर पिकतो, पण ते सोडा. मग एक सुप्रभात, एक गुलाब, घरबसल्या रोज पाच हजार कमवा, आणि कुठल्या तरी हिमालयातल्या दरडीचा जुना व्हिडिओ, ‘आत्ताचा आंबोली घाट’ म्हणून. मग पुन्हा प्लॉट. उजाडेपर्यंत खऱ्या दरडीची खबर ढिगाऱ्याखाली गेली होती आणि दोन टुरिस्ट गाड्या दाणोली सोडून मजेत वर निघाल्या होत्या.

हा ग्रुप काढला तो एका प्रश्नासाठी. ‘घाट चालू असा काय?’ ‘असा.’ संपलं. एवढ्यावर सावंतवाडीच्या दवाखान्यात निघालेला पेशंट, बेळगावची भाजी घेऊन खाली उतरणारा टेम्पो आणि कॉलेजची पोरं यांचा दिवस ठरतो. कोणाला कधी गरज पडेल सांगता येत नाही, म्हणून लिंक सगळ्यांना खुली. पेशंटच्या मुलाला मिळते तीच लिंक प्लॉटवाल्याला मिळते. फरक इतकाच की पेशंटचा मुलगा काम झालं की गप्प बसतो.

ही खोड काही आपल्याकडची नव्हे. १९७८ साली अमेरिकेत एका संगणक विक्रेत्याने तेव्हाच्या इवल्याशा नेटवर्कवरच्या चारेकशे लोकांना एका दमात जाहिरात धाडली. लोक खवळले, त्याला समज मिळाली आणि त्याचे संगणक खपले. यातल्या तिसऱ्या गोष्टीची शिक्षा आपण अजून भोगतो आहोत. भारतात २०१८ पासून एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येतो. प्लॉटवाल्यांनी या निर्बंधाचं मनापासून स्वागत केलं आणि आणखी चार सिमकार्डं घेतली.

अ‍ॅडमिनने उपाय करून पाहिले नाहीत असं नाही. आधी हात जोडले. ‘कृपया जाहिराती टाकू नयेत’ ही सूचना रोज सकाळी टाकू लागला. महिन्याभरात ग्रुपवरचा सर्वांत मोठा उपद्रव ती सूचनाच झाली. मग त्याने नंबर काढायला सुरुवात केली. एक काढला की संध्याकाळी त्याचा भाऊ हजर, डीपीवर तोच बंगला. मग ‘फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील’ असं करून टाकलं. ग्रुपवर स्मशानशांतता पसरली. त्या रात्री झाड पडलं ते ज्याच्या गाडीपुढे पडलं त्याला लिहायची सोय नव्हती, आणि ज्याला सोय होती तो घोंगडी ओढून झोपला होता. दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं.

शेवटी प्रवेश परीक्षा ठेवली. आत यायचं तर एका प्रश्नाचं उत्तर द्या : कावळेसाद कुठे आहे? इथेच घोटाळा झाला. गावचे दोन म्हातारे नापास झाले, कारण त्यांना टाइप करता येईना. प्लॉटवाले शंभर टक्के निकाल लावून आत आले. कावळेसाद, महादेवगड, नांगरतास, हिरण्यकेशी, प्रत्येकाचं अंतर मीटरमध्ये तोंडपाठ. एकाने तर अक्षांश-रेखांश आणि ‘तिथून चार मिनिटांवर आमची साइट’ असंही लिहिलं.

इथवर हसून घेऊ. पण ते ‘क्लिअर टायटल’ माझ्या डोक्यातून जात नाही. जुलैत आंबोलीला शेजाऱ्याचं घर दिसत नाही. वर्षाकाठी सात मीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, कपडे चुलीवर वाळवतात, भिंतींना शेवाळ येतं, पुस्तकांना बुरशी येते. आणि या सगळ्या धुक्यातून पार पुण्या-मुंबईत बसलेल्या माणसाला आंबोलीचं टायटल मात्र लख्ख दिसतं. कोणाला दाखवतोय तो हे? ग्रुपवरच्या निम्म्या लोकांची घरं आंबोली, चौकुळ आणि गेळ्यात आहेत. कबुलायतदार गावकर म्हणजे काय हे या तीन गावांत पाळण्यातल्या पोराला विचारा. सावंतवाडी संस्थानाच्या काळात गावकरांनी सामायिक सारा भरायची कबुलायत दिली, जमीन गावाने मिळून कसली, संस्थान गेलं, देश आला, राज्य आलं, आणि उताऱ्यावर गावकराऐवजी सरकार येऊन बसलं. ज्याच्या खापरपणजोबाने ती जमीन फोडली तो बँकेत गेला की बँक म्हणते, सातबारा दाखव. घर बांधायला गेला की कचेरी म्हणते, सातबारा दाखव. रानडुकरांनी भात लोळवलं, भरपाई मागितली, तरी सातबारा दाखव. निवडणूक आली की बैठक होते, हार पडतात, फोटो निघतात, आणि हे फोटो पुन्हा ह्याच ग्रुपवर येऊन पडतात, प्लॉटच्या जाहिरातीच्या वर एक आणि खाली एक. यांना स्पॅम म्हणून काढायचं धाडस मात्र अ‍ॅडमिनमध्ये नाही.

याच आंबोलीत २००९ साली एका भेकाला शास्त्रीय नाव मिळालं. हिरण्यकेशीच्या कुंडात बोटाएवढा मासा सापडला, २०२० मध्ये त्याला नाव मिळालं आणि २०२१ मध्ये त्याचं राहतं घर जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीरही झालं. उत्तमच झालं. मासा गुणी आहे. त्याने अर्ज केला नव्हता, हेलपाटे घातले नव्हते, कोणाच्या गाडीमागे धावला नव्हता, आणि वर्षभरात त्याच्या जागेचा निकाल लागला. गावकराने पिढ्यानपिढ्या तेच मागितलं : माझं नाव, माझ्या जागेपुढे. त्याला कल्ले नाहीत हीच त्याची चूक असावी. आणि अशा माणसाच्या हातातल्या फोनवर, त्याच्याच गावच्या डोंगराचं, दिवसातून सहा वेळा, ‘क्लिअर टायटल, आजच बुक करा’? ही जाहिरात नाही, हा जखमेवर मीठ चोळण्याचा धंदा आहे, तोही फुकटच्या डेटावर. तुझं टायटल क्लिअर असेल तर ते झालं कसं, कोणत्या कचेरीत, किती दिवसांत, कोणाच्या ओळखीने? गावाला पिढ्या लागल्या आणि तुला एक पावसाळा पुरला, तर तू प्लॉट कसले विकतोस, तुझा तर तालुक्यात सत्कार व्हायला हवा!

हाच प्रश्न परवा एका आजोबांनी ग्रुपवर विचारला. परीक्षेत नापास झालेल्यांपैकीच, नातवाच्या फोनवरून, आवाजी मेसेज करून. मागे पाऊस बडवत होता, तरी शब्द स्पष्ट होते. त्यांनी प्लॉटवाल्याला आदराने हाक मारली आणि म्हणाले की आमचीही थोडी जमीन आहे, गावकरांची, सामायिक, तिचं टायटल तेवढं क्लिअर करून द्या. कमिशन काय ते आगाऊ देतो. कागद घेऊन कधी येऊ?

दोन निळ्या खुणा उमटल्या. बराच वेळ तो काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत होतं. मग ते थांबलं, आणि ग्रुपच्या इतिहासात प्रथमच एक प्लॉटवाला, कोणी काढलं नसताना, आपणहून बाहेर पडला. पाठोपाठ त्याचा भाऊही. अ‍ॅडमिनने आजोबांना तिथल्या तिथे अ‍ॅडमिन केलं आहे.