जाळीआडची शेगडी

अगं थांब, कपडे नंतर वाळत घाल. कालपासून विचारीन विचारीन म्हणतेय. तुझे हे बार्बेक्यू घेतायत म्हणे? मला कुणी सांगितलं? लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या, त्यांना तुमच्या मावशींनी सांगितलं. आपल्या सोसायटीत काय लपून राहतंय!

घ्या की. हौसेला मोल नसतं. पण 'लाकूडही चालतं, कोळसाही चालतो' अशी जाहिरात करतात ना, तिला भुलू नका. बाल्कनीत लाकूड नकोच. आधी धूर, मग ज्वाळा, मग ठिणग्या. भाजण्याजोगे निखारे पडेपर्यंत वरच्या आजींचा दमा उसळलेला असतो. आमच्या अलिबागकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी भरायची, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. काय सुंदर वास सुटतो! पण ते शेतात. तिथं वर आभाळ असतं, इथं वर दुसऱ्याच्या चादरी वाळत असतात.

मुंबईतल्या बेकऱ्यांचं ऐकलंस ना? जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बदला. आता पाववाल्याला धूर बंद आणि आपण बाल्कनीत चूल पेटवणार, असं कसं!

कोळसाच आणायचा तर लाकडी. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघ, खणखणीत वाजले तर नीट जळलेला. दगडी कोळसा नको, गंधकाचा वास मारतो. पाकिटातल्या ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी, स्टार्चनं चिकटवून दाबलेली. पेटायला वेळ घेतात, पण जळतात एकसारख्या. आणि ह्यांना सांग, रॉकेल शिंपडायचं नाही! पनीरला त्याचाच वास लागतो. पेटवायला पत्र्याचं एक नळकांडं मिळतं. खाली कागद, वर कोळसा. पंधरा-वीस मिनिटांत निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर दिसला की भाजायला घ्यायचं.

शेगडी झाकणाची बघ. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, त्याच्याकडे ती गोल, किटलीसारखी आहे. 1952 मध्ये शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसानं ती काढली. तो पाण्यात तरंगणारे लोखंडी बोये बनवणाऱ्या कारखान्यात होता. वाऱ्यानं राख अन्नावर उडते म्हणून वैतागला आणि बोयाच कापून त्याला पाय नि झाकण लावलं. झाकणाला भोकं ठेवली, ती उघडी तर जाळ वाढतो, मिटली तर निखारे विझत जातात. तिची धाकटी बहीण 14 इंचांची मिळते, चौघांना पुरे. स्वस्तातली बादलीवजा घ्याल तर जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नाही ना, ते बघा. तापला की त्याचा धूर बाधतो. पायही हवेत, नाहीतर फरशी तडकेल. खाली विटा रचा.

पण खरी अडचण शेगडीची नाहीच गं. वर बघ. कबुतरांसाठी लावलेली ती जाळी नायलॉनची. एक ठिणगी पुरे, वितळून खाली थेंब पडतील. बाजूला पाइपलाइनचा गॅस, समोर एसीचं यंत्र, वर पीव्हीसीचं छत. भाचा सांगतो, न्यूयॉर्क शहरात कोळशाचं ग्रिल इमारतीपासून निदान 10 फूट लांब ठेवावं लागतं. आपली बाल्कनी आहे केवढी!

आणि मध्येच पाऊस आला म्हणून शेगडी घरात ओढू नका हं, एवढं ऐक माझं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग. माणूस झोपतो तो उठतच नाही. वर राख दिसते म्हणून विझलंय असं धरू नका; आत दुसऱ्या दिवशीही धग असते. पाणी ओतून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. कचऱ्याच्या पिशवीत घालाल तर खालचा डबा पेटेल, आणि मग मीटिंगमध्ये सेक्रेटरी दोन तास बोलतील, ते वेगळंच.

मग काय करू म्हणतेस? झाकणाची, पायांची, छोटी शेगडीच घे, पण ठेव गच्चीसाठी. सेक्रेटरींकडून लेखी परवानगी काढ, पाण्याची बादली शेजारी ठेव. बाल्कनीत विजेचं ग्रिल लाव. धुराची चव हवी असेल तर धुंगार दे ना! वाटीत एक निखारा, वर चमचाभर तूप, पातेल्यावर झाकण. भरीत असं लागतं की ह्यांना कळणारही नाही. निखारा तेवढा खिडकी उघडी ठेवून गॅसवर फुलव.

आणि गच्चीवर पहिल्यांदा पेटवाल त्या दिवशी मला हाक मार. गुरुवार असला तर माझ्यासाठी कणसं भाज, चिकन मी खात नाही.