स्विचराव

त्याचं खरं नाव काहीही असू शकतं. गाव बार्शीऐवजी पाचोरा, परळी किंवा चिपळूण असू शकतं. वाकड, ताथवडे, पुनावळे, पिंपळे सौदागर ह्या पट्ट्यातल्या कुठल्याही इमारतीत तो सापडतो. दाराबाहेर चपलांचा ढीग, कडीला कुरिअरवाल्याने अडकवलेली पिशवी आणि गॅलरीत दोन दिवस वाळत पडलेला टॉवेल दिसला की आत तो आहे असं खुशाल समजावं. वय पंचविशीच्या आसपास, शिक्षण बी. ई. मेकॅनिकल, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. हे कसं काय, असं त्याला विचारायचं नसतं. मी त्याला स्विचराव म्हणतो, कारण लिफ्टमध्ये "काय, कसं चाललंय?" म्हटलं की त्याचं उत्तर ठरलेलं असतं.

"काका, स्विच मारायचा विचार चाललाय."

मी बँकेत चिकटलो तो निवृत्तीचा नारळ हातात पडल्यावरच सुटलो. खुर्ची बदलून मिळावी म्हणून अर्ज केला होता, तोसुद्धा साहेबांनी 'योग्य वेळी विचार करू' असा शेरा मारून ठेवला. त्यामुळे स्विचरावाकडे मी कुतूहलाने बघतो. नव्या कंपनीत रुजू झाल्यावर पहिला महिना तो भारावलेला असतो. दुसऱ्यात त्याला मॅनेजर कळतो. तिसऱ्यात कॅन्टीनचा पोहेवाला सोडून सगळ्यांविषयी तक्रार असते आणि चौथ्यात त्याने आपली माहिती पुन्हा नोकरीच्या पोर्टलवर 'अपडेट' केलेली असते. मग अनोळखी नंबरांवरून फोन सुरू होतात. त्या फोनवर तीनच प्रश्न असतात: आत्ता किती, हवेत किती आणि नोटीस किती. माणूस काय काम करतो, हा प्रश्न पुढच्या फेरीसाठी राखून ठेवलेला असावा.

नोटीस 90 दिवसांची असते. राजीनामा दिल्यापासून सुटका होईपर्यंतचे हे तीन महिने स्विचरावाच्या आयुष्यातला सुवर्णकाळ. काम दुसऱ्याला 'हँडओव्हर' करायचं असतं आणि तो दुसरा अजून नेमलेला नसतो. हातात एक ऑफर असते. ती दाखवून तो दुसरी मिळवतो, दुसरी दाखवून पहिलीवाल्यांकडून आकडा वाढवून घेतो, आणि हे सगळं कळल्यावर आधीचा मॅनेजर त्याला कॉफी पाजतो. वर्षभर ज्याने रजा मंजूर केली नाही तो माणूस "तू आमच्यासाठी किती महत्त्वाचा आहेस" हे त्या कॉफीवर सांगतो. स्विचराव ऐकून घेतो. कॉफीही पितो.

शेवटच्या दिवशी केक, एक इंग्रजी निरोपपत्र आणि "टच में रहना". नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी सॅक, पाण्याची बाटली आणि टीशर्ट. त्याच्या स्वयंपाकघरात पाण्याच्या बाटल्या आहेत त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या. टीशर्टांची उतरंड तर बघण्यासारखी आहे. चालू कंपनीचा ऑफिसला, आधीचीचा भाजी आणायला, त्याआधीचीचा झोपायला. जिथे त्याला पहिली नोकरी लागली आणि ज्या दिवशी बार्शीत पेढे वाटले गेले, त्या कंपनीचं बोधचिन्ह सध्या सिंकखाली फरशी पुसतं आहे.

त्याचा पगार हा अभ्यासाचा विषय आहे. ऑफर लेटरवरचा आकडा आणि एक तारखेला बँकेत पडणारा आकडा ह्यांचं नातं फार लांबचं असतं. कंपनीने भरायचा पीएफ त्याच्याच खात्यावर मोजलेला, न मागितलेल्या विम्याचा हप्ता मोजलेला, 'व्हेरिएबल' नावाची रक्कम मोजलेली. ती रक्कम नावाला जागते, हे तिच्याबद्दल बोलायला हवं. आणि ग्रॅच्युइटी! कायदा असा की ती हातात पडायला साधारणपणे एकाच ठिकाणी सलग पाच वर्षं काढावी लागतात. स्विचराव एका ठिकाणी पाच वर्षं? एवढी वर्षं आमच्या इमारतीच्या लिफ्टनेही नीट काढली नाहीत. तरी प्रत्येक ऑफरमध्ये ग्रॅच्युइटी असते, आणि ती धरूनच तो बार्शीला आकडा कळवतो. गावात त्याचं जे पॅकेज बोललं जातं त्यातला काही भाग असा कधीच न येणाऱ्या पैशांचा आहे.

हे कमी म्हणून व्यवसाय कर. राज्य सरकार महिन्याला 200 रुपये कापतं आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे बरोबर 2500 होतात. एकदा तो पगाराची स्लिप घेऊन माझ्याकडे आला. सगळ्यात लहान महिन्यात शंभर रुपये जास्त का, हे त्याला बँकेतल्या माणसाकडून समजून घ्यायचं होतं. महिना लहान असल्याने पैसे उरत असतील असं सरकारला वाटत असावं, असं मी सांगितलं. त्याने मान हलवली. जुलैत पुन्हा आला, ह्या वेळी दोन फॉर्म 16 घेऊन. वर्षाच्या मधोमध स्विच मारला की दोन्ही कंपन्या आपापल्यापरीने तोच एक नोकरी करतो असं धरून सगळ्या सवलती देऊन बसतात. दोन्ही पगारांची बेरीज झाली की फरक त्याच्या खिशातून. वाढलेल्या पगाराचा आनंद असा 31 जुलैच्या सुमारास सरकारजमा होतो.

महिन्याचं चक्र सांगायचं तर एक तारखेला त्याच्यासारखा उदार माणूस नाही. पाच तारखेपर्यंत पनीर, बिर्याणी आणि "राहू दे, मी देतो". दहाच्या आत भाडं, क्रेडिट कार्ड, फोनचा हप्ता आणि एसआयपी गेलेली असते. एसआयपी 500 रुपयांचीच, पण तिच्याविषयी तो पाच कोटींच्या आवाजात बोलतो. विसाव्या तारखेनंतर फ्लॅटमध्ये हिशेबनीस संचारतो. मागच्या रविवारच्या चहाचे बारा रुपये, सिलिंडरचा तिसरा हिस्सा, कोथिंबीर कोणी खाल्ली आणि कोणी नाही, ह्या सगळ्याचे हिशेब एकमेकांच्या मोबाईलवर जातात. तिघं एकाच खोलीत बसलेले असतात.

कामावर जाणं म्हणजे हिंजवडी. हिंजवडीला जाणं ही क्रिया कधी संपते हे सांगता येत नसल्यामुळे तो सकाळची मीटिंग रस्त्यातच करतो. भूमकर चौकात दुचाकीवर, कानात हेडफोन, पुढे टँकर, मागे कंपनीची बस. "येस, आय ॲम ऑन इट," असं तो ठासून सांगतो तेव्हा खरं तर पुलावर असतो. माण ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन 2018 च्या डिसेंबरात झालं, तेव्हा तो बार्शीत बारावीचा अभ्यास करत होता. पुढे त्याने सीईटी दिली, चार वर्षांची डिग्री केली, एक केटी सोडवली आणि तीन कंपन्या बदलल्या. ह्या काळात त्याने मेट्रोचे खांब पाहिले. ऊन असलं की त्यांच्या सावलीत गाडी उभी करता येते, ही सोय नाकारता येणार नाही.

पण सगळेच दिवस कॉफीचे नसतात. मध्यंतरी एकदा राजीनामा दिला, 90 दिवस भरले, जुन्यांचा लॅपटॉप परत केला आणि नव्यांनी कळवलं की रुजू होण्याची तारीख पुढे गेली आहे. ती पुन्हा पुढे गेली. मग त्यांचं उत्तर येईना. स्विचरावाने घरी काही सांगितलं नाही, लिफ्टमध्येही नाही. फक्त "कसं चाललंय?"चं उत्तर बदललं. "निवांत," म्हणायचा.

ही बातमी मला लागली ती वॉचमनकडून. चौथ्या मजल्यावरचा मुलगा रोज गच्चीवर जाऊन इंग्रजीत भांडतो, अशी त्याची तक्रार होती. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून वर जाऊन पाहिलं तर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला स्विचराव इस्त्रीच्या शर्टात मित्राचा लॅपटॉप मांडीवर घेऊन मुलाखत देत होता. खोलीत रूममेटचा कॉल सुरू, म्हणून नेटवर्कसाठी गच्ची. नेमका खाली टँकर आला आणि पंप सुरू झाला. समोरच्याने आवाज कसला म्हणून विचारलं असावं.

"सर, डेटा सेंटर," स्विचराव म्हणाला.

मी जिन्यातच थांबलो आणि खाली फोन करून पंप बंद करायला सांगितला. त्या दिवशी ए विंगला पाणी अर्धा तास उशिरा आलं. कारण अजून कोणाला सांगितलेलं नाही.

त्याच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मात्र हे सगळं आधीच कळलेलं होतं. पोळ्या लाटता लाटता त्यांनी "दादा, आज पण घरून काम?" एवढंच विचारलं आणि ऑफिसचा लॅपटॉप कुठे दिसत नाही हे पाहून महिन्याचे पैसे आगाऊ मागितले. मावशींना व्यवहार कळतो. खरं तर ह्या इमारतीत स्विच मारावा तर त्यांनीच. बी विंगमधली तीन घरं सोडून त्यांनी आमच्या विंगमधली दोन धरली, पैसे वाढवून घेतले, भांडी अंगावरून काढून टाकली. नोटीस एक दिवसाचीही नाही. "उद्यापासून जमणार नाही" हे एका घराला तर व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलं. ना मुलाखत, ना सीटीसी, ना व्हेरिएबल. स्विचराव त्यांच्याकडे एवढ्या आदराने का बघतो हे मला तेव्हा कळलं.

नोकरी शेवटी लागली. आधीपेक्षा आकडा थोडा कमी, पण लागली. त्या संध्याकाळी "बार्शी तिथं सरशी" अशी आरोळी आमच्या मजल्यापर्यंत ऐकू आली. शनिवारी पहाटे तो गावाहून परतला तो शेंगांची चटणी आणि कडक भाकरीची चळत घेऊन. एक पुडकं आमच्याकडेही आलं. गावी वडिलांनी नेहमीचाच प्रश्न विचारला होता. "आरं, पर्मनंट हाय का?" पर्मनंट म्हणजे काय हे वडिलांना माहीत आहे, त्याला माहीत नाही. दोघंही त्यावर फार बोलत नाहीत. लग्नाच्या बायोडेटाचं दुखणं वेगळंच. वडिलांनी झेरॉक्सवाल्याकडून गठ्ठा काढून आणला की मुलगा कंपनी बदलतो. शेवटी त्यांनी 'नोकरी' ह्या रकान्यात 'पुणे' एवढंच लिहून घेतलं. मुलीकडचे मात्र पॅकेज विचारतात, त्यानंतर पुण्यात स्वतःचा फ्लॅट आहे का ते विचारतात, आणि त्यानंतर "कळवतो" म्हणतात.

आता हे सगळं वाचून स्विचराव उडाणटप्पू आहे असं कोणी ठरवू नये. दुसऱ्या स्विचच्या वाढीतून गावच्या घरावर स्लॅब पडला आणि तिसऱ्यातून बहिणीची डी. फार्मसीची फी गेली. हे त्याने मला सांगितलेलं नाही. पीएफच्या बदलीत त्याच्या नावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि पॅनवर दुसरं निघालं, तो घोळ निस्तरताना बँकेचं स्टेटमेंट माझ्यासमोर पसरलं होतं. जुनी सवय, डोळा जातोच. बिर्याणीच्या ओळींच्या मधोमध, दर महिन्याच्या दोन तारखेला, बार्शीची एक ओळ होती. गच्चीवरच्या काळातही ती चुकलेली नव्हती. रक्कम तेवढी खाली आली होती.

त्याला बहीण आहे तशा आमच्या सी विंगमध्ये चार स्विचताईही राहतात. त्यांच्यावर लिहायला हवं, पण त्यांनी मला एकदा पार्किंगवरून जे सुनावलं आहे त्यानंतर मी जपून असतो.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत 'बॅचलरना फ्लॅट देऊ नये' हा ठराव दर वर्षी येतो. मांडणाऱ्यांची स्वतःची मुलं बंगळूरला किंवा हैदराबादला फ्लॅट शोधत असतात, आणि तिकडच्या सोसायट्या कशा आडमुठ्या आहेत हे तीच मंडळी चहाच्या वेळी सांगतात. माझं मत मी सभेत मांडलं आहे, इथेही मांडतो. तुमचा फ्लॅट रिकामा असेल तर स्विचरावाला बेलाशक द्या. अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवा, पोलीस पडताळणी करून घ्या, अनामत घ्या. भाडं दहा तारखेच्या आत येतं. कंपनी तो बदलेल, पण घर बदलायला त्याच्याकडे वेळ नसतो, आणि दलालाला पुन्हा एका महिन्याचं भाडं मोजायला पैसे नसतात. गॅलरीतल्या टॉवेलबद्दल मात्र मला फोन करू नका.