रॉड आत, पेन खिशात

मनोरच्या मस्तान नाक्यापासून चिल्हार फाट्यापर्यंत आणि तिथून आत बोईसरपर्यंत कुठेही गाडीवर गाडी आदळली, की माणसं ठरलेल्या क्रमाने जमतात. आधी मोबाइलवर शूटिंग करणारे, मग "पाणी द्या, पाणी द्या" असं ओरडणारे पण जवळ पाणी नसलेले, मग पोलीस, मग रुग्णवाहिका. क्लेमभाऊ या गर्दीत कधीच नसतो. तो तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात, भेटीच्या वेळेत, शहाळं घेऊन येतो. शहाळं खाटेखाली सरकवतो, पेशंटच्या पायाकडे बघतो आणि "कसं वाटतंय?" वगैरे न म्हणता विचारतो, "रॉड की प्लेट?"

क्लेमभाऊ हे काही एकाच माणसाचं नाव नाही. बोईसरला नवापूर रोडवर एक आहे, पालघरला एक आहे, चिंचणीलाही एक असल्याचं ऐकून आहे. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. तारापूर एमआयडीसीतल्या कुठल्यातरी कंपनीच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेला, किंवा कंपनीच बंद पडल्यामुळे निवृत्त केला गेलेला. काखेत प्लॅस्टिकची फाइल, तिला दोन रबरबँड. खिशात दोन पेनं. एक लिहायला आणि एक नुसतंच. दुसरं कोणी मागितलं तरी देत नाही, कारण पेन मागणारा माणूस कुठेतरी सही करणार असतो, अशी त्याची खात्री आहे.

त्याला एजंट म्हटलेलं चालत नाही. एजंट वेगळे, ते टक्केवारी घेतात. वकिलालासुद्धा दाव्याच्या रकमेत टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हे तो वकिलांच्या देखत सांगतो आणि वकिलांचा चेहरा बघतो. स्वतः तो एक पैसा घेत नाही. चहा घेतो, चहासोबत खारी घेतो आणि निघताना "भाऊ होते म्हणून" हे वाक्य ऐकून घेतो.

त्याचं कायद्याचं शिक्षण एका पंचनाम्यात झालं. नोकरीत असताना एकदा शिफ्ट सुटल्यावर घरी जाताना पोलिसांनी त्याला रस्त्यात थांबवून पंच केलं. टायरच्या खुणा किती फूट, काच कुठे सांडली, टँकरचं तोंड कुठल्या दिशेला, हे सगळं त्याने उन्हात उभं राहून ऐकलं आणि खाली सही केली. पुढे कधीतरी साक्षीचं समन्स आलं. साक्ष काही झाली नाही, पण दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसून त्याने इतरांचे दावे ऐकले. बाकावर बसलेली माणसं वकिलांपेक्षा जास्त बोलतात आणि फी घेत नाहीत. त्याच बाकावर क्लेमभाऊ घडला.

आणि अभ्यासाला हा जिल्हा मिळाला. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, जुना आठ नंबर आणि आताचा अठ्ठेचाळीस, जिल्ह्याच्या मधोमध गेलेला. ४ सप्टेंबर २०२२ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा साऱ्या देशाला मागच्या सीटवरचा पट्टा आठवला. इथल्या माणसांना हा रस्ता त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होता. त्यात एमआयडीसीचे टँकर, ट्रेलर, कंपनीच्या बसेस आणि शिफ्ट सुटली की एकदम रस्त्यावर येणाऱ्या मोटरसायकली. पालघर १ ऑगस्ट २०१४ला स्वतंत्र जिल्हा झाला, त्याचा क्लेमभाऊला आनंद झाला. पण त्याच्या ओळखीतल्या दाव्यांच्या तारखा पुढेही ठाण्यालाच पडत राहिल्या. ठाण्याला जायचं म्हणजे लोकलने दादरपर्यंत जायचं, गाडी बदलायची आणि उलटं उत्तरेला यायचं. "न्यायाचा रस्ता सरळ नसतो," असं तो दादरच्या पुलावर हमखास म्हणतो.

त्याच्या ज्ञानाचा कळस म्हणजे गुणक. सुप्रीम कोर्टाने २००९मध्ये सरला वर्मा खटल्यात वयाप्रमाणे गुणकांचा तक्ता घालून दिला. वर्षाची कमाई जितकी बुडाली, तिला वयाच्या गुणकाने गुणायचं, की पुढच्या आयुष्याच्या नुकसानीचा आकडा निघतो. एकविसाव्या ते पंचविसाव्या वर्षाला अठरा, तिशीपर्यंत सतरा, मग उतरत उतरत सेहेचाळीस ते पन्नासला तेरा, एक्कावन्नला एकदम अकरा. हा तक्ता पाठ झाल्यापासून क्लेमभाऊला माणसं दिसेनाशी झाली, गुणक दिसायला लागले. लग्नाच्या मांडवात तो शेजाऱ्याच्या कानात पुटपुटतो, "नवरदेव सतरा, नवरी अठरा, सासरे अकरा." एकाच्या एक्कावन्नाव्या वाढदिवसाला पेढा तोंडात घालून त्याने सांगितलं, "काल तेरा होतास, आज अकरा. आता गाडी जपून चालव, परवडायचं नाही."

हसा खुशाल, पण कागदपत्रांच्या बाबतीत त्याच्याइतका उपयोगी माणूस पंचक्रोशीत नाही. एफआयआरची प्रत, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मेडिकल दुकानाची बिलं, ड्रेसिंगला जायच्या रिक्षाची पावतीसुद्धा तो तारीखवार लावून घेतो. १ एप्रिल २०२२पासूनच्या दुरुस्तीने दाव्याच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली, हे घरच्यांना तोच पहिल्यांदा सांगतो. कामावर असताना अपघात झालेल्या टेम्पो ड्रायव्हरला तो बजावतो, की कामगार भरपाईच्या कायद्याने जा किंवा मोटार वाहन कायद्याने जा, दोन्हीकडे हात मारता येत नाही. आणि त्याचं मुख्य सूत्र तर डॉक्टरांनीही भिंतीवर लावावं असं आहे: "रॉड आत, तोवर पेन खिशात." रॉड काढायचं ऑपरेशन बाकी असताना 'फुल अँड फायनल'वर सही केली, तर त्या ऑपरेशनचं बिल आपलंच. लोकअदालतीत तडजोड झाली की तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. नंतर पाय वाकडा जुळला असं कळलं, तरी कोर्टाचं दार पुन्हा उघडत नाही.

इथपर्यंत क्लेमभाऊ देवमाणूस. बिघडतं ते समोरून आकडा आल्यावर.

आकडा कितीही असो, त्याचं उत्तर एकच: "घेऊ नका." विमा कंपनी तीन लाख म्हणाली, तर "तीन देतायत म्हणजे सहा ठेवलेत." सहा म्हणाली, तर "सहा देतायत म्हणजे घाबरलेत." काहीच बोलली नाही, तर "बघा, बोलायला तोंड उरलं नाही त्यांना." पुराव्यादाखल त्याच्याकडे दोन गोष्टी आहेत. एक उमरोळीकडच्या माणसाची. त्याने घाईत चाळीस हजार घेतले आणि पुढच्याच महिन्यात रॉड सरकला. दुसरी वापीच्या माणसाची. तो शेवटपर्यंत थांबला आणि चाळीस लाख घेऊन गेला. या दोघांना आजवर कोणी पाहिलेलं नाही. त्यांची नावं विचारली, की क्लेमभाऊ चहाचा घोट घेतो आणि "नावात काय आहे, केस समजून घ्या" म्हणतो.

कारण अगदी साधं आहे. केस चालू आहे तोवर त्या घरात त्याची खुर्ची आहे. तारखेच्या आदल्या रात्री फोन येतो, दिवाळीचा फराळ येतो, मुलीच्या स्थळाबद्दलही विचारलं जातं. केस मिटली की चेक येतो, घराला रंग लागतो आणि रंग वाळेपर्यंत लोक भाऊला विसरलेले असतात. म्हणून पैसे न घेणाऱ्या या माणसाला तडजोड महागात पडते.

त्याची गाठ पडली ती सातपाटीच्या एका मावशीशी. वय अठ्ठेचाळीस. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, पाटी घेऊन पालघरच्या बाजारात बसायचं, हा तिचा धंदा. रिक्षाला मागून मोटारीने ठोकरलं आणि मावशीच्या नडगीचं हाड मोडलं. रॉड बसला, काही महिन्यांनी निघालाही. पण उकिडवं बसता येईना आणि डोक्यावर पाटी चढेना. दाखल्यावर अपंगत्व आलं वीस टक्के.

क्लेमभाऊ इथे खरोखर कामाचं बोलला. "मावशी, हे वीस टक्के शरीराचे. धंद्याचे किती?" सुप्रीम कोर्टाने २०१०मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात हेच सांगितलं आहे. दाखल्यावरचा टक्का आणि कमाईतला घाटा एकच धरायचा नाही, माणसाचं काम काय ते बघायचं. टेबलाशी बसणाऱ्या कारकुनाचा तोच पाय तसाच मोडला, तरी त्याचा पगार चालू राहतो. मावशीचा बाजार बसतो.

ठाण्याच्या लोकअदालतीत विमा कंपनीचा अधिकारी तरुण होता, नम्र होता आणि सकाळपासून बऱ्याच केसेस मिटवून दमला होता. त्याने उत्पन्नाचा पुरावा मागितला. "पगाराची स्लिप वगैरे?"

"पापलेटं देत नाहीत स्लिप," मावशी म्हणाली.

अधिकाऱ्याने महिना नऊ हजार आणि घाटा पंधरा टक्के धरला. वर्षाचे एक लाख आठ हजार, त्यांचे पंधरा टक्के सोळा हजार दोनशे, गुणिले तेरा, म्हणजे दोन लाख दहा हजार सहाशे. औषधपाण्यासकट पावणेतीन लाख.

"वीस लाखांच्या खाली पेन उचलायचं नाही," क्लेमभाऊ मागून कुजबुजला. वीसच का, ते त्याने सांगितलं नाही. बहुधा आकडा गोल होता म्हणून.

मावशीने वकीलबाईंना बाजूला घेतलं आणि विचारलं, "जजसाहेबांनी आपलं सगळं मानलं तर किती? थोडंच मानलं तर किती? आणि दोन्हीला वर्षं किती?"

वकीलबाईंनी फाइलच्या मागच्या बाजूला हिशोब मांडला. महिना बारा हजार मानले, चाळीस ते पन्नास वयाच्या स्वतंत्र धंदेवाल्याला कमाईतल्या वाढीचे पंचवीस टक्के वर धरतात ते धरले आणि घाटा तीस टक्के मानला, तर सात लाख दोन हजार. महिना दहा हजार आणि घाटा वीसच टक्के मानला, तर तीन लाख नव्वद हजार. औषधांची बिलं आणि सोसलेल्या वेदनांची भरपाई दोन्हीकडे वेगळी. दाव्याच्या तारखेपासून व्याजही मिळू शकतं. "पण निकालाला दोनेक वर्षं धरा. त्यावर कंपनी हायकोर्टात गेली, तर पुढचं मी सांगत नाही."

"वीस लाख कुठल्या कागदावर आहेत?" मावशीने विचारलं. वकीलबाई क्लेमभाऊकडे बघायला लागल्या. क्लेमभाऊ छताच्या पंख्याकडे बघायला लागला.

"भाऊ, आमच्या बाजारात पहिला भाव घेणारी बाई वेडी," मावशी म्हणाली, "आणि शेवटच्या भावाची वाट बघत बर्फ वितळू देणारी तिच्याहून वेडी." मग ती अधिकाऱ्यासमोर जाऊन बसली. "साहेब, पावणेतीन हा शेपटीचा भाव झाला. मधल्या तुकड्याचं बोला."

अधिकारी फोन करायला बाहेर गेला. "बघा, घाबरला," क्लेमभाऊ म्हणाला. अधिकारी परत आला, पुन्हा बाहेर गेला, पुन्हा आला. सगळं धरून साडेपाच लाखांवर गाडी थांबली. पॅनेलवरच्या न्यायाधीशांनी मावशीला विचारलं, राजीखुशीने करताय ना? मावशीने उलट विचारलं, "पैसे हातात कधी?" ती तारीख तडजोडीच्या पुरशिसमध्ये लिहून घेईपर्यंत तिने सही केली नाही. सहीच्या वेळी क्लेमभाऊच्या खिशात दोन पेनं होती. मावशीने अधिकाऱ्याचं पेन घेतलं.

परतीच्या गाडीत क्लेमभाऊ दादरपासून विरारपर्यंत गप्प होता. पालघर येईपर्यंत मात्र सावरला. आठवड्याने नवापूर रोडच्या टपरीवर तो सांगत होता, "कंपनी पावणेतीनवर अडली होती. म्हटलं, मावशी, माझ्यावर सोडा. साडेपाचला मिटवली." महिन्याभरात साडेपाचाचे साडेसात झाले. डहाणूपर्यंत पोचताना त्यांचे चाळीस होणार, यात शंका नाही. वापीच्या त्या माणसाचा जन्म कसा झाला असेल, याचा उलगडा तेव्हा झाला. मावशीने आता बाजारात ओटा घेतलाय, बसायला उंच स्टूल आहे, पाटी उचलायला भाचा आहे. क्लेमभाऊला ती मासळी देते, पण भावात सूट देत नाही.

तेव्हा तुमच्यावर वेळ आलीच, तर क्लेमभाऊला जरूर बोलवा. फाइल त्याच्याकडून लावून घ्या, मुदत त्याला विचारा, रॉड निघेपर्यंत त्याचं ऐका. पण आकडा समोर आला, की त्याला चहा-खारी देऊन बाहेरच्या बाकावर बसवा आणि वकिलाकडून तीन गोष्टी कागदावर मांडून घ्या: जास्तीत जास्त किती, कमीत कमी किती, आणि किती वर्षांनी. सही करायची की नाही, हे ज्याचा पाय मोडला त्याने ठरवावं. बाकी सगळ्यांचे पाय शाबूत आहेत, त्यांना थांबायला काही लागत नाही.