सापडावं म्हणून लपवलेलं

नाशिकला चकाकत्या वस्तूमागे धावण्याची परंपरा फार जुनी आहे. पंचवटीत एकदा सोन्याचं हरीण दिसलं, ते हवं असा हट्ट झाला आणि त्या एका शोधाचं पुढे केवढं रामायण झालं ते सर्वांना ठाऊक आहे. लपण्याचीही इथे वाण नाही. खरदूषणांशी युद्ध चालू असताना रामाने सीतेला जिथे सुरक्षित ठेवलं म्हणतात, त्या सीतागुंफेत आजही वाकून, अंग चोरून शिरावं लागतं. तिकडे त्र्यंबकला तर खुद्द गोदावरीच लपंडाव खेळली. ब्रह्मगिरीवर प्रकटली, गुप्त झाली, गंगाद्वाराशी दिसली, पुन्हा गुप्त झाली. अखेर गौतम ऋषींनी दर्भाचं कुंपण घालून तिला कुशावर्तात अडवलं, तेव्हा कुठे तिच्यावर राज्य आलं. जुन्या नाशकातल्या रहाडी वर्षभर फळ्यांखाली आणि मातीखाली दडून असतात. वरून रिक्षा जातात, हातगाड्या जातात, आणि रंगपंचमीला माती दूर सारली की पेशवाईपासूनचा तो हौद पुन्हा रंगाने भरतो. अशा गावात आमच्या गल्लीतल्या पाळणाघराने मुलांसाठी ईस्टरची अंडी लपवायचं ठरवलं, तर नवल वाटायचं कारण नव्हतं. तरी वाटलं.

पाळणाघर गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत, आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. दीड ते चार वर्षांची वीस-बावीस मुलं, ते चालवणाऱ्या ताई, आणि सगळ्यांची नाकं पुसणाऱ्या मावशी. कुणा मुलाच्या अमेरिकेतल्या मावसभावाचे फोटो पालकांच्या गटावर आले: हिरवळ, हातात टोपली, टोपलीत रंगीत अंडी. दुसऱ्या दिवशी ताई आमच्या फाटकाशी उभ्या. “काका, तुमचं अंगण द्याल?” अंगण म्हणजे एक आंबा, एक कढीपत्ता, पंचवीसेक कुंड्या आणि तुळशीवृंदावन. मी हो म्हणालो. मग लक्षात आलं की अंगणाबरोबर माझीही नेमणूक झाली आहे. नियोजनाच्या बैठकीला चहासह हजर राहायचं आहे.

पहिल्या बैठकीत अंडीच अडली. खरी उकडलेली अंडी रंगवावीत ही सूचना गटावर जाताच तिथे असा सन्नाटा पसरला की फोन बिघडला की काय असं ताईंना वाटलं. मग एकेक उत्तर आलं. आमच्याकडे चालत नाही. आमच्याकडे चालतं, पण आजी-आजोबा असताना नाही. आमच्याकडे फक्त केकमधलं चालतं. एका बाबांनी मनापासून विचारलं, लाडू शोधले तर नाही का चालणार? त्यांना हसण्यात अर्थ नाही. अंड्याने महाराष्ट्रात भल्याभल्यांना कोड्यात टाकलं आहे. शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय सरकारने २०२३च्या नोव्हेंबरात घेतला आणि २०२५च्या जानेवारीत त्याचे पैसे थांबवले. जे अंडं मंत्रालयाला चौदा-पंधरा महिन्यांत ताटात नीट ठेवता आलं नाही, ते एका सकाळी कुंडीमागे ठेवण्यात ताईंना अडचण आली तर दोष कुणाला द्यायचा?

मुळात ही अंडी ईस्टरला आली ती अशाच खाण्या-न खाण्याच्या भानगडीतून. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात मध्ययुगीन युरोपात अंडीही वर्ज्य असत. पण कोंबड्यांना पंचांग कळत नाही. त्या घालतच राहिल्या, अंडी साठत गेली, आणि उपास सुटताच घरोघरी अंड्यांचा सुकाळ झाला. आपण चातुर्मासाच्या तोंडावर कांदेनवमी करून कांदे संपवतो. त्यांनी ती नवमी उपासानंतर ठेवली, एवढाच फरक. सतराव्या शतकातल्या जर्मनीत मग या अंड्यांचं श्रेय सशाला देण्यात आलं. सशाचा आणि अंड्यांचा संबंध काय हे कुठल्याही मुलाने विचारलेलं मी ऐकलेलं नाही. ज्यांच्या देवाचं वाहन उंदीर आहे त्यांनी ते विचारूही नये.

दुसऱ्या बैठकीला ताईंनी बाईंना बोलावलं. बाई शरणपूरच्या, बालवाडीत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या, आणि आमच्या सगळ्यांत ईस्टर म्हणजे काय हे घरातून माहीत असलेल्या एकट्याच. अंडी शोधण्याविषयी त्यांचा सल्ला विचारला तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, “आमच्या घरी ईस्टर म्हणजे पहाटे अंधारात उठून उपासनेला जायचं आणि परत आल्यावर मटणाचा वास. अंडी मी शोधली ती आजोळी, निफाडकडे. पण ती माणसाने लपवलेली नव्हती. कोंबडीने लपवलेली होती.”

खोलीत एकदम सगळ्यांच्याच कोंबड्या जाग्या झाल्या. गावठी कोंबडी खुराड्यात शहाण्यासारखी बसते आणि अंडं मात्र कडब्याच्या गंजीत, बंद पडलेल्या बैलगाडीखाली नाहीतर घोंगडीच्या घडीत घालून येते. मग नको तितक्या मोठ्याने ओरडून सगळ्या वाड्याला कळवते की आपण काहीतरी केलं आहे, पण कुठे ते सांगणार नाही. मावशी सुरगाण्याच्या. त्यांनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी अंडी शोधून आणणाऱ्या पोराला त्यातलं एक मिळे, आणि म्हणून एक अंडं नेहमीच उशिरा सापडे. मलाही माझ्या आजीचा हात आठवला, गंजीच्या भोकात खांद्यापर्यंत गेलेला, आणि तिच्या चेहऱ्यावरचं ते दूर कुठेतरी पाहणं, जणू ती अंडं नव्हे तर विसरलेलं एखादं नाव चाचपडते आहे. आमच्या गटावरच्या निरामिष शांततेमागे दोन पिढ्यांपूर्वीची किती कोंबडी लपली असतील, कोण जाणे.

बाईंच्या शरणपूरलाही हरवण्या-सापडण्याचा मोठा इतिहास आहे, पण तो त्या कधी मिरवत नाहीत. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी ही वस्ती उभी केली. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश आरमाराने सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली कितीतरी या शरणपुरात वाढली. इथे लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत परतला, मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनला शोधून काढणाऱ्या नव्हे पण अखेरपर्यंत सांभाळणाऱ्या माणसांत होता. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टन गेला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर त्याचं नाव कोरलं, आणि १८ एप्रिल १८७४ला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा मुलगा होता. गंगापूर रोडहून शरणपूर रोडला वळताना सिग्नलला थांबलो की हे मला आठवतं. मागचा हॉर्न वाजवतो, मग मी पुढे सरकतो.

तर अंडी. खरी नकोत, यावर एकमत झालं. मेन रोडवर प्लास्टिकची मिळतात, दोन वाट्या जुळवलेली. त्यात घालायचं काय? चॉकलेट म्हणावं तर एप्रिलात पारा अडतीस-एकोणचाळीस अंशांवर. ते सापडेपर्यंत प्यायचं झालेलं असणार. मी म्हटलं, द्राक्षं. हंगाम आहे, जिल्हा आपला. ताईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी कप खाली ठेवला. लहान मुलाच्या घशात बरोबर बसेल असा जणू माप घेऊन घडवलेला पदार्थ म्हणजे अख्खं द्राक्ष. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ते उभं चिरूनच द्यायचं. शेंगदाणे नकोत, फुटाणे नकोत, तेही अडकतात. चिकटचित्रं नकोत, ती गिळतात. नाणी तर नकोतच. यादी वाढत गेली आणि अंडं आपोआप रिकामं होत गेलं. “रिकामंच राहू द्या की,” बाई म्हणाल्या. “पहाटे बाया कबरीपाशी गेल्या तेव्हा ती रिकामीच सापडली. ईस्टरची बातमी तीच तर आहे.” यावर कुणाला काही बोलायचं सुचलं नाही. मावशींनी सगळ्यांना पुन्हा चहा दिला.

प्लास्टिकही मग बाईंनीच रद्द केलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या गारगोट्या, बिया, शंख-शिंपल्यांवर. आवारात मिळेल ते साहित्य. बाईंची शिकवण त्या वळणाची. त्यांनी ठरवलं, कागदाच्या लगद्याची अंडी करू. मुठीएवढी, म्हणजे तोंडात जाणार नाहीत. हळदीने आणि बिटाने रंगवू, म्हणजे गेलीच तर पोटात हळदच जाईल. आणि लगदा चांगला कशाचा होतो? अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा. तो आधीच लगद्याचा असतो, रात्रभर भिजवला की मऊसूत विरघळतो. म्हणजे अंड्याच्या ट्रेपासून अंडी. कोंबडी आधी की अंडं आधी या वादात ट्रेची बाजू आजवर कुणी मांडलीच नव्हती.

आपल्याकडे या खेळाच्या जवळचं काही आहे का, असं एका आईने विचारलं, तेव्हा सगळे एका सुरात म्हणाले: बोरन्हाण. संक्रांतीनंतर तान्ह्याला हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे, आणि भोवतीच्या पोरांनी ते लुटायचे. गोष्ट खरी. पण बोरन्हाणात सुख वरून पडतं, न मागता, आणि ज्याच्यावर पडतं तो बहुधा रडत असतो. इथे सुख कुंडीमागे आहे आणि आपण वाकायचं आहे. आपल्याकडे वाकून शोधणं जरा मोठेपणी येतं: लग्नानंतर हळदीच्या पाण्यात अंगठी शोधताना, किंवा डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांपैकी पेढ्याची कुठली नि बर्फीची कुठली हे ताडताना.

मुलांना खेळ कळतो का पाहावं म्हणून ताईंनी गेल्या आठवड्यात रंगीत तालीम घेतली. वाळलेली सहा-सात अंडी होती. मोठ्यांनी लपवायला आपली सारी बुद्धी पणाला लावली. मी एक आंब्याच्या बेचक्यात ठेवलं आणि फार हुशार झाल्यासारखं वाटलं. तुळशीत ठेवावं की नाही यावर मावशींनी नुसती मान हलवली, वृंदावन वगळलं. मुलं आली आणि काहीच शोधेनात. मानसशास्त्रज्ञ झ्यां पियाजेने आपल्याच तीन मुलांसमोर वस्तू कापडाखाली सारून पाहिल्या होत्या. अगदी तान्ह्यांना झाकलेली वस्तू संपलीच असं वाटतं, हे त्याने लिहून ठेवलं. आमची मुलं त्यांहून मोठी होती, पण अंगणात आपल्यासाठी काही लपवलं असेल हे त्यांच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. जे दिसत होतं तेच पुष्कळ होतं. एकाला मुंग्यांची रांग सापडली. एकाने माझी चप्पल शोधून आणून मला दिली आणि टाळीची वाट पाहिली. खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही, जो बादही होत नाही, तो लिंबूटिंबू एखादाच असतो. इथे सगळेच लिंबूटिंबू, म्हटल्यावर खेळाने तरी काय करावं.

मग ताई खाली बसल्या आणि सगळ्यांच्या देखत एक पिवळं अंडं कढीपत्त्याच्या कुंडीमागे ठेवलं. दोन वर्षांची एक मुलगी गेली, तिने ते उचललं, छातीशी धरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने क्षणभर विचार केला, अंडं पुन्हा त्याच जागी नेऊन ठेवलं, मागे सरली, डोळ्यांवर हात घेतले, काढले, धावत गेली आणि तिला ते सापडलं. तिच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य पहिल्याइतकंच अस्सल होतं. मग दुसरी आली, तिसरा आला. त्याच कुंडीमागे तेच अंडं, बहुधा पंधरा मिनिटं, एकालाही कंटाळा न येता. बाईंनी तिथल्या तिथे योजना बदलली: काहीही लपवायचं नाही. सगळी अंडी दिसतील अशी, मुलांच्या समोर ठेवायची, आणि सापडलं की परत ठेवायला वेळ द्यायचा. माझं बेचक्यातलं अंडं कुणी विचारलं नाही. ते मीच काठीने काढलं.

राहिली तारीख. ईस्टरही आपल्या सणांसारखा चंद्राच्या हातात असतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार. यंदा गुरुवारी २ एप्रिलला हनुमान जयंती, अंजनेरीला गर्दी. शुक्रवारी उत्तम शुक्रवार. आणि रविवारी, ५ तारखेला, ईस्टर. जेकब वेनराइट इंग्लंडला पोचला त्या १८७४ सालीही तो ५ एप्रिललाच होता. पण रविवारी पाळणाघर बंद. ताई म्हणाल्या, शनिवारी करू. बाई म्हणाल्या, “शनिवारी प्रभू अजून कबरेत आहे.” सोमवार ठरला, ६ एप्रिल, सकाळी साडेआठ, ऊन चढायच्या आत. सूचना बरीच खोडून लिहिली गेली. तिच्यात आता ‘अंडं’ हा शब्द नाही. ‘अंडाकृती वस्तूंचा शोध’ असा उपक्रम आहे, आणि त्याला आजवर कुणाचीही हरकत आलेली नाही.

ट्रे मात्र कमी पडताहेत. तीन आले आहेत, त्यांतला एक सकाळी फाटकाच्या आत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला सापडला. वर्तमानपत्र ज्या भाषेतलं होतं तिच्यावरून घर ओळखता आलं असतं, पण आम्ही ओळखलं नाही. तेव्हा गल्लीत आणि आसपास ज्यांच्याकडे असतील त्यांनी पुठ्ठ्याचे रिकामे ट्रे गुरुवारपर्यंत आणून द्यावेत. प्लास्टिकचे नकोत. धुऊ नयेत, विरघळतात. फाटक उघडंच असतं, नाव लिहायची गरज नाही, आणि कुणी काही विचारणार नाही.