पाताळाधीश्वर

राष्ट्रकूट राजा तृतीय कृष्ण याच्या नावामागे ‘कंधारपुरवराधीश्वर’ असे बिरुद लावलेले आढळते, आणि एवढे लांबलचक बिरुद पेलणाऱ्या घराण्याला राजधानीच्या इभ्रतीसाठी पाण्याचीही तजवीज करावी लागत असे, याची साक्ष आमच्या कंधारचा जगत्तुंग समुद्र हा तलाव अजून देतो. पावसाचे पाणी अडवावे, ते सावकाश मुरू द्यावे आणि आसपासच्या विहिरींनी त्यावर आपापला गुजारा करावा, अशी ती जुनाट, मिळमिळीत योजना होती. आमच्या काळच्या अधीश्वरांना असल्या पृष्ठभागावरच्या पराक्रमात गोडी उरलेली नाही. त्यांची दृष्टी थेट पाताळावर असून त्यांची बिरुदे फुटांत मोजली जातात. कुणी पाचशेफुटी, कुणी सातशेफुटी. आणि नऊशे फुटांवरही ज्याच्या हाती निव्वळ धुरळा आला, त्याची कीर्ती तर दोन तालुक्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांत पसरलेली असते.

या दिग्विजयाचा विधी प्रेक्षणीय असतो. प्रथम पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर फिरतो आणि नारळ उभा राहील तेथे पाणी, असे जाहीर करतो. हा नारळ बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीकडच्या बांधाला येऊनच उभा राहतो, यात दैवी असे काही नाही. पाणी कुठे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असल्यावर नारळाला तेवढे अज्ञानात का ठेवावे? मग रात्री तामिळनाडूच्या पाटीच्या दोन अजस्र गाड्या शिवारात शिरतात, एकीवर यंत्र आणि दुसरीवर रॉड. वीस फुटांचा एकेक रॉड आत जाऊ लागतो, आणि धनी मनातल्या मनात फुटाच्या दराशी त्याचा गुणाकार करीत राहतो. दोनशे फुटांपर्यंत त्याची मुद्रा शेतकऱ्याची असते, चारशेनंतर ती जुगाऱ्याची होते, आणि सहाशेच्या पुढे, भुवयांवर पांढरा फुफाटा साचलेल्या अवस्थेत तो ‘आणखी दोन टाका’ असा हुकूम सोडतो, तेव्हा त्याला अडविण्याची छाती खुद्द त्याच्या कारभारणीलाही होत नाही. पहाटे दीड इंच पाणी लागले तर गुलाल उधळतात. न लागल्यास पाणाड्याची बिदागी बुडत नाही आणि सावकाराचे व्याजही.

शास्त्राचे म्हणणे याहून पुष्कळ नीरस आहे. दख्खनच्या कातळात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरुमात आणि भेगाळलेल्या थरांत. शंभर घनमीटर खडक पिळून दोन-तीन घनमीटर पाणी मिळाले तरी पुष्कळ समजावे. त्याखाली गेले की भेगा विरळ होत जातात, आणि त्यांत जे पाणी असते ते भरून येण्यास किती पावसाळे लागतील याचा पाणाड्याच्या नारळाला पत्ता नसतो. शिवाय केसिंग नीट घातले नसेल, तर वरच्या थरातले पाणी त्याच भोकातून खाली निथळते, बांधापलीकडची विहीर फाल्गुनातच खडखडाट करू लागते, आणि तिचा मालक रीतीप्रमाणे त्या पाणाड्याचाच पत्ता विचारीत येतो.

सरकारने याकडे काणाडोळा केला, असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. २००९ चा भूजल कायदा विधिमंडळाने मंजूर केला, तो २०१४ साली अमलात आला आणि २०१८ साली त्याच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्धही झाला. भूगर्भातील पाण्याला साजेशीच ही गती आहे. अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी वा कारखान्यासाठी ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यास या कायद्याने मनाई केली. ६० मीटर म्हणजे १९७ फूट, म्हणजे पुरते दहा रॉडही नव्हेत. परंतु रयत फुटांत खोदते आणि कायदा मीटरांत बोलतो, त्यामुळे उभयतांची गाठ पडण्याचा संभव मुळातच बेताचा. त्यातून एका हाताने मनाई करणारे हेच दयाळू सरकार २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना दुसऱ्या हाताने मोफत वीज देते. ‘मागेल त्याला शेततळे’ दिले, तेव्हा त्यात पावसाचे पाणी साठेल अशी दप्तराची भाबडी समजूत होती. ठिकठिकाणी रयतेने ते बोअरवर भरले, आणि जमिनीखाली सावलीत झाकलेले पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदावर उन्हात वाळत घालण्याची कला सिद्ध केली.

शेजारच्या लातुराने या कलेचा उत्तरार्धही पाहिला आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून तेथे रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. स्वागताला पुढारी होते, छायाचित्रकार होते. ज्या जिल्ह्यात पाणी रुळांवरून आणावे लागले, त्याच जिल्ह्यात त्या हंगामात ऊसही गाळला गेला होता. त्याला मात्र कुणी हार घातल्याचे ऐकिवात नाही.

उलट अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. तेथे शेतीसाठी बोअर घेण्यास गावानेच बंदी केली, उसाला मज्जाव केला, आणि पाऊस किती पडला हे मोजून कोणते पीक घ्यावयाचे ते ग्रामसभा ठरविते. विहिरींना पाणी असते खरे, पण पुरुषार्थाला तेथे वाव तो काय? पारावर बसून सांगण्याजोगी एकही खोली त्या गावात नाही.

म्हणून मन्याडच्या खोऱ्यातील आम्हां रयतेची एक नम्र सूचना आहे. खोल बोअरवर उपकर बसविण्याची तरतूद कायद्यात आहे. पण उपकर म्हटला की माणूस आपला बोअर कडब्याखाली लपवितो. त्याऐवजी सरकारने बिरुदे द्यावीत. पंधरा ऑगस्टला तहसील कचेरीसमोर मांडव घालून पाचशे फुटांवरच्या प्रत्येक वीराला ‘पाताळाधीश्वर’ अशी सनद, शेला आणि नारळ द्यावा, नारळ अर्थात आडवा. अट एवढीच की सनद घेणाऱ्याने बोअरची जागा, खोली, पाणी कितव्या फुटाला लागले आणि कोणत्या साली आटले, हे सहीनिशी लिहून द्यावे. भूजल यंत्रणा आजवर निरीक्षण विहिरींत वर्षाकाठी चारदा फीत सोडून जो अंदाज बांधीत आली, त्याला एका सकाळीत अशी जोड मिळेल. लोक खोटे सांगतील, ही शंका रास्त आहे. परंतु सनदेच्या मांडवात खोली चोरून ठेवणारा इसम कंधार तालुक्यात निपजेल असे वाटत नाही. उलट जो तो शंभर फूट चढवूनच सांगेल, आणि तेवढी वजावट करण्याइतका हिशेब तलाठ्याला येतो.