पहिला मान

'आमची सहल' हा निबंध शाळेच्या वह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या एकाच चालीत लिहिला जातो. आम्ही पहाटे उठलो. आम्ही शाळेत जमलो. आम्ही बसमध्ये बसलो. आम्ही रायगड पाहिला. आम्ही डबे खाल्ले. शुद्धलेखन चोख, बाईंना लाल शाई वापरायची सोय नाही. पण रायगडासारखा रायगड, त्याला डब्याइतकाच भाव! गुन्हेगार एकच, तो दर वाक्याच्या तोंडाशी ठाण मांडून बसलेला 'आम्ही'. वाक्यातही पहिल्या जागेला मान असतो, आणि लग्नातल्या मानासारखाच तो सारखा एकाच घरी गेला की बाकीची मंडळी रुसून बसतात.

खरं तर मराठीला त्याची गरजच नाही. 'पहाटे उठलो' म्हटलं तरी उठणारा शेजारचा नव्हता, हे क्रियापदावरूनच कळतं. तो 'आम्ही' काढला की सहल आपोआप चालू लागते : 'पहाटे उठलो. शाळेत जमेपर्यंत अर्ध्या डब्यांचा फडशा पडला होता. बस आली, आणि गडाच्या पायथ्याशी पोचण्याआधीच खिडकीवरून पहिली लढाई झाली.' आता प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी वेगळा पाहुणा आहे, आणि रायगड अजून यायचाच आहे.

शब्दांच्या जागा अशा बदलण्याची मोकळीक मिळते ती विभक्तीमुळे.  शाळेत आपण 'स, ला, ते. ने, ए, शी' घोकलं, पण ते कशासाठी, हे बहुधा घोकण्याच्या नादात राहूनच गेलं. प्रत्यय अंगावर असला की शब्द कुठंही उभा राहिला तरी ओळखू येतो. म्हणून तर कर्ता, कर्म, क्रियापद हा शाळेतला क्रम घरात कुणी पाळत नाही. 'दूध कुठं गेलं?' म्हणून आई विचारते, तेव्हा उत्तर येतं, 'दूध मांजरानं सांडलं.' 'ते मांजर का पळालं?' असं विचारलं तर, 'मांजरानं दूध सांडलं.' आणि 'भांड्यावर झाकण ठेवा' असं सकाळपासून बजावणारे आजोबा आतून ओरडतात, 'सांडलं ना मांजरानं दूध!' शब्द तेच आणि दूधही तेवढंच. पहिला मान कुणाला, यावरून मागचा प्रश्न कळतो. तिसऱ्या वाक्यात तर आजोबांचा विजयही कळतो.

वाक्याच्या सुरुवातीचं सगळं मर्म मला या दुधात दिसतं. मागच्या वाक्यानं वाचकाच्या मनात जो प्रश्न सोडला, त्याचा धागा पुढच्या वाक्यानं तोंडाशीच उचलायचा. मग सुरुवाती मुद्दाम बदलाव्या लागत नाहीत. प्रश्न बदलतात, म्हणून त्याही बदलतात.

आपले जुने कारकून हे जाणून होते. मोडी लिहिताना दोन शब्दांत जागा सोडायची नाही, वाक्य संपलं तरी टिंब द्यायचं नाही, अशी रीत. पूर्णविराम, स्वल्पविराम ही मंडळी मराठीत रुळली ती इंग्रजी अमदानीत, मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीनं. त्याआधी नवा मुद्दा सुरू झाल्याची वर्दी 'ऐसियास', 'त्यास' असे शब्दच देत. पूर्णविरामाचं काम पुढच्या वाक्याचा पहिला शब्द करायचा! त्याच घराण्यातले 'सबब' आणि 'तरी' आजही सरकारी अर्जांत नोकरीला आहेत.

पण दाराशी उभा केलेला प्रत्येक शब्द कामाचा असतोच असं नाही. बातम्यांतला 'दरम्यान' घ्या. मंत्र्यांनी पुलाचं उद्‌घाटन केलं. दरम्यान, कांद्याचे भाव उतरले. कशाच्या दरम्यान, ते विचारायचं नाही. अग्रलेखांत 'तथापि', 'किंबहुना' आणि 'वस्तुतः' आळीपाळीनं पहाऱ्याला असतात. सुरुवात दर वेळी निराळी, विचार मात्र पहिल्याच वाक्यापाशी उभा. त्यापेक्षा सहलीतला 'आम्ही' परवडला. तो निदान रायगडापर्यंत गेला तरी.

उलट, तेच ते पुन्हा येणं म्हणजे कंटाळाच, असंही नाही. तेराव्या शतकातल्या 'लीळाचरित्रा'त म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, त्यात 'मग' किती वेळा येतो! तो खुपत नाही, कारण कुणीतरी समोर बसून सांगतंय आणि आपण 'मग?' म्हणतोय, हे त्यातून ऐकू येतं. आपल्या मनातला प्रश्नच तिथं वाक्याच्या तोंडी आलेला असतो.

मग 'आम्ही'तल्या 'मी'ला पहिला मान कधीच द्यायचा नाही का? द्यायचा की! 'हे कुणी केलं?' असा प्रश्न असेल, तिथं 'मी' सगळ्यात पुढे शोभतो. पण गंमत अशी, की सहलीच्या निबंधात ओळीओळीला पुढे घुसणारा हा गडी नेमका त्याच वेळी गायब होतो. मांजर निर्दोष ठरलं, की घरात कुणीही 'मी दूध सांडलं' म्हणत नाही. 'माझ्या हातून सांडलं' म्हणतात. म्हणजे दोष हाताचा. आणि कचेरीत तर हातसुद्धा उरत नाही. तिथं 'दूध सांडण्यात आले असून पुढील कार्यवाही करण्यात येत आहे.'